घरभर ओव्याचा वास, पिलांच्या पोटात काय?

दोंडाईच्याजवळच्या एका गावातून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. सगळं छापायला जागा नाही, म्हणून मुद्द्याचं तेवढं देतो.

"सर, मी तीन वर्षांपासून सुधारित गावरान कोंबड्या पाळते. एका लॉटला 600 पिल्लं टाकते. आधी कंपनीचं गोणीतलं खाद्य आणि औषधवाल्याने लिहून दिलेलं शेड्यूल असं चालायचं. आमच्याकडून नेहमी कोंबडी नेणाऱ्या एका शिक्षिका मॅडमनी विचारलं, 'तुम्ही अँटिबायोटिक देता का हो?' मला खोटं बोलवेना. म्हणून जुलैच्या लॉटला सगळी औषधं बंद केली. खाद्य घरी बनवलं, घरचा मका, सोयाबीन पेंड आणि थोडी सरकी पेंड घालून. सासूबाईंनी काढा सांगितला. पाच लिटर पाण्यात मूठभर ओवा, दहा-बारा लसूण पाकळ्या, दोन चमचे हळद, गुळाचा खडा. निम्मं होईस्तोवर उकळायचं, मग ते पाण्यात मिसळून दिवसभर ड्रिंकरमध्ये. तीन आठवडे पिल्लं छान होती. चौथ्या आठवड्यात विष्ठेत रक्त दिसायला लागलं आणि 600 पैकी 84 गेली. आता मिस्टर म्हणतात शेड्यूल परत चालू कर. औषधवाला 'नॅचरल ग्रोथ प्रमोटर' नावाची महागडी बाटली दाखवतो. सासूबाई म्हणतात, 'आमना काळमा कोठे व्हती दवाई?' हे नैसर्गिक वगैरे सगळं थोतांड आहे का? दिवाळीनंतर पुढचा लॉट टाकायचा आहे. शिवाय सासूबाईंची एक खुडूक कोंबडी आहे, ती शेडच्या कोपऱ्यात ठेवली तर चालेल का?"

ताई, पहिली गोष्ट, मॅडमना खोटं सांगवलं नाही म्हणून तुम्ही एवढा खटाटोप केलात, याचं मला फार कौतुक वाटलं. मी नोकरीत होतो तेव्हा पहिल्या पाच दिवसांचं अँटिबायोटिक चिठ्ठीवर डोळे झाकून लिहायचो. पिल्लू आजारी आहे का, हे बघायचोही नाही. सगळेच लिहायचे. त्यामुळे तुमच्या 84 पिलांबद्दल तुम्हाला बोल लावायचा अधिकार मला नाही. पण ती का गेली हे नीट सांगतो, कारण तुम्ही आणि मिस्टर दोघांनीही चुकीच्या आरोपीला धरलंय.

चौथा आठवडा, पावसाळा, विष्ठेत रक्त. ही बहुतेक करून रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. मेलेलं पिल्लू उघडून कुणी पाहिलं नाही, म्हणून 'बहुतेक' म्हणतो. पोट उघडलं असतं तर आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन आंधळ्या पिशव्या रक्ताने तट्ट फुगलेल्या दिसल्या असत्या. हा आजार जिवाणूचा नाही, आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीचा आहे. नेहमीची अँटिबायोटिक चालू असती तरी तो थांबलाच असता असं नाही. मग आधीच्या लॉटांत तो का नव्हता? कारण कंपनीच्या खाद्यात बहुतेक वेळा त्याविरुद्धचं औषध, कॉक्सिडिओस्टॅट, आधीच मिसळलेलं असतं. गोणीच्या लेबलवर बारीक अक्षरात सॅलिनोमायसिन किंवा तसलं काही नाव सापडेल. तुम्ही गोणी बंद केली तेव्हा न कळत तेही बंद झालं. तुमच्या मते तुम्ही अँटिबायोटिक सोडलंत. प्रत्यक्षात पावसाळ्याच्या ऐन दमट दिवसांत पिलांची छत्री काढून घेतलीत.

(जाता जाता, त्या गोण्यांतलं उरलंसुरलं खाद्य कुणाच्या घोड्याला घालू देऊ नका. सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेने घोडी आणणारे आपल्याकडे खूप आहेत. कोंबडीला पचणारं हे औषध घोड्याला थोड्या मात्रेतही मारतं.)

आता काढ्याकडे वळतो. सासूबाईंचं साहित्य चुकीचं नाही. चूल चुकली.

ओव्याचा गुण त्याच्या उडून जाणाऱ्या तेलात असतो आणि त्या तेलातला कामाचा भाग म्हणजे थायमॉल. परदेशात ओरेगॅनो नावाच्या पाल्याचं तेल कोंबड्यांना देतात, त्यातही थायमॉल आणि त्याचाच भाऊ कार्वाक्रॉल असतो. हे पदार्थ जिवाणूच्या अंगावरचं पातळ आवरण फोडतात, म्हणून प्रयोगशाळेत ते चांगलं काम करताना दिसतात. पण उघड्या पातेल्यात निम्मं होईपर्यंत उकळलं की हे तेल वाफेबरोबर निघून जातं. घरभर ओव्याचा घमघमाट सुटला म्हणजे औषध घरातल्या माणसांच्या नाकात गेलं. पिलांना उरलं ते ओव्याचं चोथापाणी.

लसणाचं याच्या उलट. त्याचा तिखट, उग्र पदार्थ म्हणजे अ‍ॅलिसिन. तो अख्ख्या पाकळीत तयार नसतोच. पाकळी ठेचली, चिरली की आतलं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि अ‍ॅलिसिन बनतं. अख्खी पाकळी उकळत्या पाण्यात टाकली की ते विकर आधीच मरतं. ठेचायला पाच मिनिटं लागली असती.

आणि हळद पाण्यात विरघळतच नाही. तिच्यातला कर्क्युमिन तेलात विरघळतो, पाण्यात नाही. ड्रिंकर धुताना तळाला पिवळा गाळ दिसायचा ना? ती तुमची हळद. उरला गूळ. तो मात्र छान विरघळतो, पावसाळ्यातल्या उकाड्यात दुपारपर्यंत आंबतो, पिलांना पातळ संडास लावतो, ड्रिंकरच्या कडांना बुळबुळीत थर धरतो आणि लिटर, म्हणजे शेडमधली तुसाची गादी, ओलं करतो. ओलं लिटर म्हणजे आयमेरियाला पंगत. विष्ठेतून पडलेली त्याची अंडी तशीच धोक्याची नसतात. ओल, ऊब आणि हवा मिळाली तर एक-दोन दिवसांत ती पिकतात आणि मगच पिलाच्या पोटात जाऊन आजार करतात. तुमच्या काढ्याने त्यांना ओल पुरवली. हे वाचून सासूबाईंना लगेच सांगायला जाऊ नका, घरात उगाच भांडण नको.

मात्रेचाही हिशेब करू. कंपन्यांच्या आणि संशोधकांच्या चाचण्यांत किलोभर खाद्याला साधारण 100 मिलिग्रॅम थायमॉल धरतात. ओव्याच्या दाण्यात तेल 2 ते 4 टक्के, आणि तेलात थायमॉल निम्म्याच्या आसपास. म्हणजे किलोभर खाद्यात सात-साडेसात ग्रॅम भरडलेला ओवा घातला तर त्या मात्रेच्या जवळ जाता येतं. चौथ्या आठवड्यात तुमची 600 पिल्लं दिवसाला 24 किलोच्या आसपास खात असतील तर पावणेदोनशे ग्रॅम ओवा लागेल, तोही कच्चा, ताजा भरडलेला, खाद्यात मिसळून. तुमची मूठ 30-40 ग्रॅमची. बाजारभावाने गुणाकार करून बघा आणि मग ठरवा. हळद द्यायची तर क्विंटल खाद्याला अर्धा किलो, चमचाभर तेल चोळून. लसूण वाळवून, पूड करून किलोला पाच ग्रॅमपासून सुरुवात करा. फार वाढवलात तर मांसाला आणि अंड्याला वास येतो, आणि मग मॅडम पहिल्यांदा तक्रार करतील. या तिन्हींच्या चाचण्यांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. काहींत वजन वाढलं, काहींत साध्या खाद्याइतकंच राहिलं. रक्ती हगवण पुरती थांबवेल असं यातलं काहीही नाही.

मग अँटिबायोटिक खाद्यात आली कशी, आणि ती काढली की लोक इतके घाबरतात का? 1940 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे दोघे पिलांसाठी जीवनसत्त्व बी-12 चा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बनवताना उरलेला गाळ त्यांनी पिलांना चारला, तर पिल्लं बी-12 च्या हिशेबापेक्षा जास्त वाढली. गाळात राहिलेल्या अँटिबायोटिकची ती करामत होती. तिथून जगभर खाद्यात चिमूटभर अँटिबायोटिक मिसळायची रीत पडली. पुढे शास्त्रज्ञांनी पूर्ण निर्जंतुक जागेत पिल्लं वाढवून पाहिली, तेव्हा तिथे अँटिबायोटिकने वाढीत काही फरक पडला नाही. घाणेरड्या शेडमध्ये पडला. म्हणजे त्या चिमटीचा मोठा भाग शेडची उणीव भरून काढण्यात खर्च होत होता.

स्वीडनने 1986 मध्येच वाढीसाठीची अँटिबायोटिक बंद केली. सगळ्या युरोपीय संघात 1 जानेवारी 2006 पासून ती बंद झाली. तिथल्या शेतकऱ्यांनाही पहिली काही वर्षं जड गेली. क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जिवाणूने होणारा आतडं सडण्याचा आजार वाढला. मग त्यांनी लिटर, हवा, पाणी आणि खाद्यातलं प्रथिन सुधारलं आणि त्यानंतर आम्लं, प्रोबायोटिक (पोटातले उपकारक जिवाणू), वनस्पतींची तेलं यांना काम करायला जागा मिळाली. हा क्रम महत्त्वाचा आहे ताई. तुम्ही शेवटच्या पायरीवरून सुरुवात केलीत.

आपल्याकडे कोलिस्टिन हे अँटिबायोटिक जुलै 2019 मध्ये केंद्र सरकारने खाद्यप्राण्यांसाठी आणि त्यांच्या खाद्यासाठी बंद केलं. माणसांच्या दवाखान्यात, बाकी सगळी औषधं हरली की जे शेवटचं हत्यार काढतात, त्यांपैकी ते एक. चीनमध्ये 2015 साली असा जनुक सापडला होता, जो एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे कोलिस्टिनला न जुमानण्याची ताकद पोचवतो. डुकरं आणि कोंबड्यांना हे औषध भरमसाट चारलं जात होतं. शेडमधल्या चिमटीचा संबंध धुळ्याच्या आयसीयूतल्या पेशंटशी असा लागतो. औषधवाल्याच्या जुन्या साठ्यातल्या पुडीवर हे नाव दिसलं तर ती परत करा.

त्या 'नॅचरल' बाटलीबद्दल माझं मत एका ओळीचं आहे. घटक, प्रमाण, बॅच नंबर, मुदत यांतलं काहीही छापलेलं नसेल तर घेऊ नका.

आता दिवाळीनंतरच्या लॉटचं बोलू. सुरुवात मक्यापासून, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. खरिपाचा मका परतीच्या पावसात भिजलेला असतो आणि आपण तो घाईने गोण्यांत भरतो. आत बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते पिलाचं यकृत खराब करतं आणि प्रतिकारशक्ती खाली आणतं. मग मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस देऊनही पिल्लं मानमोडीने मरतात आणि आपण लसवाल्याला शिव्या देतो. वाईट म्हणजे मका वरून स्वच्छ दिसला तरी आत विष असू शकतं, आणि एकदा तयार झालं की उन्हात घालून किंवा भाजून जात नाही. म्हणून मुळात ओला मका साठवायचाच नाही. घरच्या घरी परीक्षा करता येते. कोरड्या काचेच्या बरणीत दोन मुठी मका आणि कोरडं मीठ घाला, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा, मग पंधरा मिनिटं तशीच ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल 15 टक्क्यांच्या वर आहे, परत वाळवा. खाली पडून राहिलं तरच गोणी भरा. सरकी पेंड मात्र पूर्ण काढून टाका. कपाशीच्या मुलखात ती स्वस्त मिळते म्हणून मोह होतो, पण तिच्यातलं गॉसिपॉल कोंबडीला सोसत नाही आणि अंड्याचा बलक हिरवट पडतो. आपल्या गायीम्हशींना घाला.

तुमच्या भागात मिरची वाळवायच्या पथाऱ्या आहेत, म्हणून एक इशारा. कोंबडीला मिरची तिखट लागत नाही. तिखटपणा ओळखणारी जी जागा आपल्या मज्जातंतूंत आहे, ती पक्ष्यांत कॅप्सेसिनला दाद देत नाही. पोपट मिरच्या फस्त करतो तो यामुळेच. पिलांच्या आतड्यातला साल्मोनेला मिरचीच्या अर्काने कमी होतो का, याचे प्रयोगही झालेत. हे ऐकून कुणी पथारीवरची डागी, पांढरी पडलेली मिरची फुकट आणून खाद्यात घालत असेल तर त्याला थांबवा. डागी मिरचीत तीच बुरशी आणि तेच अफ्लाटॉक्सिन असतं.

लिटरची परीक्षा मुठीत होते. तूस मुठीत दाबा. गोळा तसाच राहिला तर ओलं, हळूहळू सुटला तर ठीक. पाच ठिकाणी बघा, ड्रिंकरखाली आधी. रोज सकाळी खालीवर करा, ओला भाग काढून बाहेर टाका. चुना वास आणि ओल मारायला उपयोगी आहे, पण तो आयमेरियाच्या अंड्यांना मारेल अशी आशा धरू नका. कोरडेपणा मारतो. नोव्हेंबर-डिसेंबरात धुळ्याकडची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. पडदे गच्च लावून ब्रूडिंग केलं, म्हणजे पिलांना ऊब दिली, की आत अमोनिया साचतो, तुमचे डोळे चुरचुरले तर पिलांच्या फुप्फुसांचं काय झालं असेल ते समजा. वरचा हातभर भाग उघडा ठेवा. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पातळीवर 32 ते 35 अंश तापमान हवं. थर्मामीटर तिथेच टांगा, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर नको.

पाण्यात आम्ल घालणं हा मला पटलेला, स्वस्त आणि खरोखर उपयोगी प्रकार आहे. अ‍ॅसेटिक, फॉर्मिक, प्रॉपिऑनिक अशी सेंद्रिय आम्लं जिवाणूच्या पेशीत शिरून तिथला समतोल बिघडवतात, आणि ई. कोलाय, साल्मोनेला यांना ते झेपत नाही. घरी साधं व्हिनेगर चालेल. किती घालायचं ते मी सांगू शकत नाही, कारण आपलं बोअरचं पाणी जड असतं, ते आम्ल गिळून टाकतं, आणि प्रत्येक बोअरचं पाणी वेगळं. दुकानातून पीएच तपासायचा कागद आणा, दहा लिटर पाण्यात मापाने थोडं थोडं व्हिनेगर घालत जा आणि सहाच्या आसपास आला की थांबा. तो आकडा वहीत लिहून ठेवा. चारच्या खाली नेलंत तर पिल्लं पाणीच कमी पितील. प्लास्टिकचे ड्रिंकर वापरा, जस्ताच्या पत्र्याचे नकोत, आम्लाने जस्त सुटतं. पाण्यातून लस द्यायच्या दिवशी आणि आदल्या दिवशी आम्ल आणि क्लोरीन दोन्ही बंद. आणि मुख्य म्हणजे कुठलंही आम्ल, व्हिनेगरसुद्धा, आणि ब्लीचिंग पावडर एका बादलीत कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो.

प्रोबायोटिकची गोष्ट मला स्वतःला आवडते. फिनलंडमध्ये 1970 च्या सुमाराला ब्रॉयलरमध्ये साल्मोनेलाचा त्रास वाढला होता. एस्को नुर्मी आणि रांटाला यांनी 1973 मध्ये दाखवलं की मोठ्या, निरोगी कोंबडीच्या आतड्यातला ऐवज नुकत्याच निघालेल्या पिलांना दिला तर साल्मोनेला त्यांच्या पोटात घर करू शकत नाही. जागा आधीच भरलेली असते. सासूबाईंच्या खुडूक कोंबडीखालची पिल्लं हे रोज करतात, आईच्या विष्ठेत चोच मारून आईचेच जिवाणू पोटात घेतात. हॅचरीतलं पिल्लू आई न पाहताच डब्यातून तुमच्याकडे येतं. त्याच्या रिकाम्या पोटात पहिला कोण शिरतो यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून प्रोबायोटिक द्यायचं तर पहिल्या दिवसापासून, नंतर आठवण झाली म्हणून नाही.

घरचं ताक चालेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार होतात. चालेल, पातळ करून, सकाळी तासभर, आणि ड्रिंकर लगेच धुऊन. कोंबडीला दुधातली साखर पचत नाही, जास्त झालं की हगवण. विकत घ्याल तर बॅसिलस जातीचं घ्या, त्याचे बीजाणू उष्णता सोसतात. लॅक्टोबॅसिलसची पुडी दुकानाच्या पत्र्याखाली मे महिना काढून आली असेल तर आत फक्त भुकटी आहे. क्लोरीनच्या पाण्यात किंवा अँटिबायोटिक चालू असताना कुठलंच प्रोबायोटिक देऊ नका, एका हाताने पेरून दुसऱ्याने उपटल्यासारखं होतं. यीस्टच्या सालीपासून केलेलं एमओएस (मॅनन ऑलिगोसॅकराइड) खाद्यात मिसळता येतं. ई. कोलाय आतड्याला कुसळासारखा चिकटतो, तो याच सालीतल्या साखरेला चिकटून विष्ठेतून बाहेर पडतो. पैसे असतील तर घ्या, नसतील तर त्याच पैशात ड्रिंकर बदला.

आता कॉक्सिडिओसिस. घरचं खाद्य चालू ठेवणार असाल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना लॉट टाकायच्या आधी भेटा आणि कॉक्सिडिओस्टॅट घालायचं की कॉक्सिडिओसिसची लस मिळेल ते ठरवा. तुमच्या कोंबड्या दहा-बारा आठवडे राहतात, त्यांना लस परवडू शकते. रक्त दिसलंच तर अँप्रोलियम देतात. ते अँटिबायोटिक नाही, बी-1 जीवनसत्त्वाची नक्कल करून परजीवीला उपाशी मारतं. म्हणून ते चालू असताना बी-1 असलेलं व्हिटॅमिनचं पाणी देऊ नका. मात्रा डॉक्टर सांगतील. खाद्यात काय मिसळलंय हे त्यांना आधी सांगा. टायमुलिन हे अँटिबायोटिक आणि सॅलिनोमायसिन एकत्र आले तर पिल्लं लुळी पडतात आणि मरतात.

आणि ताई, जिवाणूचाच आजार निघाला, डॉक्टरांनी पोस्टमॉर्टेम करून अँटिबायोटिक लिहून दिलं, तर द्या. पूर्ण कोर्स द्या. पिल्लांना तडफडत ठेवून 'अँटिबायोटिकमुक्त' म्हणवून घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. औषधानंतर किती दिवस विक्री करायची नाही ते लेबलवर असतं, तेवढे दिवस कोंबडी आणि अंडी घराबाहेर जाऊ देऊ नका. मॅडमना सरळ सांगा, "रोजच्या खाद्यात घालत नाही. आजारी पडल्यावर डॉक्टरांनी सांगितलं तर देते आणि मग इतके दिवस विकत नाही." त्या शिक्षिका आहेत, समजतील.

ओवा-हळद करून बघायचीच असेल तर शेडमध्ये मधोमध जाळी लावा. 300 इकडे, 300 तिकडे. तेच खाद्य, तेच पाणी, एका बाजूला ओवा-हळद. दर रविवारी दोन्हीकडची वीस-वीस पिल्लं तोलून वहीत लिहा, खाद्य किती संपलं तेही लिहा. सातव्या आठवड्यात सासूबाई बरोबर की मिस्टर, ते वहीच सांगेल. मला त्या आकड्यांची पोस्टाने वाट बघायला आवडेल.

राहिली खुडूक कोंबडी. शेडमध्ये नको. नुर्मीची गोष्ट वाचून तिची विष्ठा पिलांना द्यायचा विचार मनात आला असेल तर तोही नको, नुर्मींनी तपासलेल्या निरोगी कोंबडीचा ऐवज वापरला होता. तुमची कोंबडी गावभर फिरते, उकिरडा चिवडते, तिच्या अंगावर काय काय असेल सांगता येत नाही. इथून जवळच्या नवापूरने 2006 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये बर्ड फ्लू पाहिलाय, तिथल्या लोकांना विचारा बाहेरचा पक्षी शेडजवळ का येऊ द्यायचा नाही ते. तिच्याखाली डझनभर अंडी घाला, गोठ्याच्या त्या टोकाला, शेडपासून जमेल तितकं लांब. सासूबाई तिला दाणे टाकून आल्या आणि तशाच शेडकडे निघाल्या तर दारात त्यांच्यासाठी वेगळी चप्पल आणि हात धुवायला बादली ठेवा.